मस्तानीचं लग्न कोणी लावलं?

टीव्ही मालिकेला लग्नाचा प्रसंग लागतोच. अंतरपाट, अक्षता, ऐन मुहूर्तावर दारात उभं राहिलेलं कुणीतरी. आठवडाभर पुरेल एवढा ऐवज त्यात असतो. पण हिंदू-मुस्लिम प्रेमाची पुण्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट घ्या, बाजीराव-मस्तानीची, आणि तिच्यातलं लग्न अस्सल कागदपत्रांत शोधा. ते तिथे नाही. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी 1972 साली आली, पुढे त्याच नावाची मराठी मालिका झाली. 2015 साली हिंदी चित्रपट आला, 2017 साली सोनी वाहिनीवर ‘पेशवा बाजीराव’ ही मालिका लागली. (चित्रपटात बाजीरावाची बहीण झालेल्या अनुजा साठे या मालिकेत त्याची आई झाल्या!) प्रत्येकाला हा सोहळा आपापल्या कल्पनेने भरून काढावा लागला.

मग कागदांत आहे तरी काय? पुण्याच्या पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी 45 खंडांत छापले. त्यातला एक अख्खा खंड बाजीराव आणि त्याच्या कुटुंबाचा. परंपरा सांगते ती हकिगत अशी: 1729 साली महंमदखान बंगशाने जैतपूरला छत्रसाल बुंदेल्याला कोंडीत पकडलं, ऐंशीच्या घरातल्या त्या राजाने बाजीरावाकडे मदत मागितली, बाजीरावाने त्याला सोडवलं. मस्तानी ही छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली मुलगी. पुण्याच्या कागदांत मात्र तिचं नाव पहिल्यांदा येतं ते 1730 च्या जानेवारीत, बाजीरावाचा थोरला मुलगा नानासाहेब याच्या लग्नाच्या निमित्ताने, आणि तेही कलावंतीण म्हणून. त्याच जानेवारीत, 10 तारखेला, शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. वाडा आणि मस्तानी, दोघांची पुण्यातली नोंद एकाच महिन्यात सुरू होते, हे मला फार विलक्षण वाटतं.

पुढचं नाट्य बघा कुठे घडतं. रणांगणावर तर बाजीरावाला कोणी हरवू शकलं नाही. खरी लढाई झाली ती माजघरात आणि पंगतीत. 1734 साली मस्तानीला मुलगा झाला. त्याची मुंज व्हावी अशी बापाची इच्छा होती, पण ब्रह्मवृंदाने ती होऊ दिली नाही, असं इतिहासकार सांगतात. कृष्णराव असंही ज्याचं नाव सांगतात, तो शमशेर बहादूर म्हणून वाढला. 1740 च्या सुरुवातीला घरात दोन कार्यं निघाली: बाजीरावाचा धाकटा मुलगा रघुनाथराव याची मुंज आणि पुतण्या सदाशिवराव याचं लग्न. ज्या घरात मस्तानीचा वावर, त्या घरच्या कार्याला आम्ही बसणार नाही, असं भटजींनी ठरवलं. बाजीराव मोहिमेवर असताना त्याचा भाऊ चिमाजी अप्पा आणि नानासाहेबाने मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवलं. ज्याच्या नावाने दिल्ली हादरली, त्या पेशव्याला स्वतःच्या घरची पंगत वळवता आली नाही. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला तो गेला. थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे.

दैनंदिन मालिकेला ही गोष्ट इतकी मानवते, त्याचं कारण मला इथेच दिसतं. सासू, जाऊ, मुंज, पंगत, कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला नाही. मालिकेचा सगळा संसार याच गोष्टींचा, आणि अठराव्या शतकातला पेचही नेमका हाच.

शहराने मात्र तिला जागा दिली. शनिवारवाड्याच्या उत्तरेच्या तटात मस्तानी दरवाजा आहे. त्यालाच अलीबहादूर दरवाजा असंही म्हणतात. अलीबहादूर म्हणजे तिचा नातू. एकाच दाराला आजीचं नाव आणि नातवाचंही! वाड्याबाहेर, कोथरूडला, बाजीरावाने तिच्यासाठी वेगळा महाल बांधला होता. त्याचे भाग दिनकर केळकरांनी आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. नक्षीदार लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, वर झुंबरं. तिथे उभं राहिलं की पडद्यावरच्या आरसेमहालापेक्षा हे दालन किती आटोपशीर आहे, ते कळतं. खांबावरची वेलबुट्टी हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ असते. आणि हे संग्रहालय आहे बाजीराव रस्त्याला लागूनच.

मुलाचं पुढे काय झालं? मुंज नाकारली गेलेला हा शमशेर 1761 साली पानिपतावर पेशव्यांच्याच बाजूने लढला, जखमी झाला आणि भरतपूरच्या जाटांच्या मुलखात वारला. अलीबहादूर बुंदेलखंडात गेला, म्हणजे आजीच्या माहेरच्या मुलखात. त्याने बांद्याचं राज्य मिळवलं आणि 1802 साली कालिंजरला वेढा घालून बसला असतानाच तो वारला. याच घराण्यातला दुसरा अलीबहादूर 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला.

आता लग्नाकडे परत येऊ. त्या काळी दोन धर्मांच्या माणसांनी आपापला धर्म राखून लग्न करायचं, तर ते लावणारं कोणी नव्हतं. भटजी नाही, काझी नाही, सरकारही नाही. 1872 च्या कायद्याने वाट काढली, पण ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला कायद्याचं पाठबळ दिलं. अखेर 1954 चा विशेष विवाह कायदा आला. आज पुण्यात विवाह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं बोलायचं. धर्म कोणीच सोडायचा नाही.

त्या तीस दिवसांत हरकत घेता येते, पण कायद्याने ठरवलेल्या कारणांवरच: वय कमी आहे, जवळचं नातं आहे, संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, आधीचा जोडीदार हयात आहे. वेगळा धर्म हे कारण त्यात नाही. बाजीरावाने आज मस्तानीसाठी अर्ज केला असता, तर तो फेटाळलाच गेला असता, पण त्याच्या आई राधाबाईंच्या किंवा ब्रह्मवृंदाच्या हरकतीवरून नव्हे. तो त्याच्या पत्नी काशीबाईंच्या एका अर्जावर फेटाळला गेला असता.