मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढते?

ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते आणि मांडणीमागे उभे असलेले मूल पाठ केलेले उत्तर देते: "ऑक्सिजन जळून संपला. हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढेच चढले."

प्रयोग सुंदर आहे, उत्तर चुकीचे.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खरे. पण मेणबत्ती तो संपवू शकत नाही. त्याचे प्रमाण साधारण १६ टक्क्यांच्या आसपास उतरले की ज्योत तग धरत नाही. उरलेला ऑक्सिजन ग्लासातच राहतो. शिवाय जो वापरला जातो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. मेणाच्या रेणूत कार्बनचे २५ अणू धरले, तर तो पूर्ण जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू तयार होतात. म्हणजे रिकामी झालेली जागा बरीचशी भरून निघते. हा वायू पाण्यात विरघळतो, पण काही सेकंदांत फारसा नाही.

मग पाणी चढते ते मुख्यतः उष्णतेमुळे. ग्लास उपडा घालतानाच आतली हवा तापून प्रसरण पावते आणि तिच्यातली काही बाहेर निसटते. नीट पाहिले तर ग्लासाच्या कडेने बुडबुडे दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच मेणबत्ती जळत असताना पाणी जेमतेम हलते आणि विझताच झपाट्याने चढते. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. पाणी आणखी वर जाते. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता!

दुसरा गैरसमज मेणाबद्दलचा. जळते ती वात आणि मेण नुसते वितळते, असे अनेक मुलांना वाटते. खरे इंधन मेणच. ते वितळून वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, त्यांत हे करून दाखवले होते: नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या वाफेला काडी दाखवली की ज्योत त्या वाफेतून खाली धावत वातीपर्यंत पोहोचते.

हवेतला एक पंचमांश भाग दाखवायचाच असेल, तर शिक्षकांनी मेणबत्ती बाजूला ठेवून परीक्षानळीत ओला लोहकीस चिकटवावा आणि नळी पाण्यात उपडी उभी करावी. गंज चढताना ऑक्सिजन लोखंडात बांधला जातो, बदल्यात कोणताही वायू बाहेर पडत नाही. काही दिवसांत पाणी नळीच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत चढते.