डाग काढा, पण ग्राहक घालवू नका



गाडीच्या डॅशबोर्डवरचा चिकट डाग कसा काढायचा, हा विषय बघून काही जण म्हणतील, "सर, यात बिझनेस कुठं आला?" आधी माझ्या दुकानातला एक प्रसंग सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

बार्शीत कार अॅक्सेसरीजचं दुकान टाकून मला वर्षही झालं नव्हतं. मे महिना होता. मार्केट यार्डातले एक आडत व्यापारी नवीकोरी गाडी घेऊन आले. डबल टेपने चिकटवलेला मोबाईल होल्डर उन्हाने निखळला होता आणि खाली काळपट, लिबलिबीत चौकोन राहिला होता. "तेवढं साफ करून दे," म्हणाले. मी "दोन मिनिटांत करतो मालक" म्हटलं, शेजारच्या पेंटरकडून थिनर आणला, कापसाचा बोळा भिजवला आणि घासला.

डाग गेला. पण त्याबरोबर डॅशबोर्डचं टेक्श्चरही गेलं. तळहाताएवढा पांढरट, गुळगुळीत ठिपका उमटला. मालक ओरडले नाहीत, नुसतं बघत राहिले. तो पार्ट मी माझ्या खर्चाने बदलून दिला, त्यात महिन्याचा नफा गेला. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. ते मालक पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत, ते मात्र आजही लागतं.

हे काम येतं कुठून?

आपल्याकडे हे काम कधी संपत नाही. तुळजापूरहून आणलेला देवीचा फोटो, छोटा गणपती, परफ्युमची बाटली, मोबाईल होल्डर, मुलांनी दारावर लावलेली कार्टूनची स्टिकर्स. त्यात सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा. बंद गाडीत डॅशबोर्ड इतका तापतो की हात ठेववत नाही. टेपचा गोंद मऊ होऊन पसरतो, धूळ धरतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी टेपचा फोम तुकड्यातुकड्याने निघतो, गोंद तिथेच राहतो.

कधी कधी नियमही काम आणून देतो. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला आणि तो ४ मेपासून लागू झाला. मी तेव्हा बीबीएला होतो आणि सुट्टीत एका दुकानात हाताखाली काम करायचो. फिल्म काढायला गाड्यांची रांग लागायची. फिल्म ओढली की निघायची, पण काचेवर राहिलेला गोंद काढायला तासन् तास जायचे. त्याच गर्दीत एका गाडीच्या मागच्या काचेवर आम्ही ब्लेड फिरवलं आणि हीटरच्या बारीक रेषा कापल्या गेल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आता टॅग बदलायचा म्हटलं की जुन्याचा गोंद काचेवर असतोच.

आधी बघा, मग हात लावा

माझी चूक थिनर वापरण्याची नव्हती, त्याआधीची होती. मी डाग बघितला, पण तो कशावर आहे हे बघितलंच नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर गोंद विरघळवतात, पण प्लास्टिक आणि रंगालाही सोडत नाहीत. शिवाय बंद गाडीत पेट्रोलची वाफ कोंडली तर एक ठिणगी पुरते. म्हणून या तीन बाटल्या या कामातून कायमच्या बाहेर ठेवा. तारेची घासणी आणि पॉलिश पेपरही नको.

गाडीत बसल्यावर पृष्ठभाग असे ओळखा:

- खरखरीत प्लास्टिक (डॅशबोर्ड, दाराचा खालचा भाग): चिवट असतं, पण रगडलं की चकाकतं आणि ती चकाकी परत जात नाही.
- चकचकीत काळं प्लास्टिक, मीटरची काच, टचस्क्रीन: सगळ्यात नाजूक. मीटरची "काच" बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. इथे फक्त साबणाचं पाणी आणि मऊ कापड.
- रेक्झिन सीट: जोरदार केमिकलने कोरडं पडून तडकतं.
- छताचं कापड: ते स्वतःच गोंदाने चिकटलेलं असतं. जास्त ओलं केलं तर छतच लोंबकळायला लागतं. मी हे काम घेतच नाही, घेतलं तर आधी स्पष्ट सांगतो.
- काच: मजबूत, पण मागच्या काचेवर हीटरच्या रेषा असतील तर ब्लेड बंद.

माझी पद्धत: सौम्य ते कडक

१. फोम शिल्लक असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा. ड्रायर एका जागी धरू नका, फिरवत राहा. मग तंगूस फोमच्या मागून करवतीसारखा ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका.

२. उरलेला थर अंगठ्याने चोळून त्याच्या गोळ्या करा. कडा उचलायला जुनं एटीएम कार्ड चालतं. निम्मा गोंद इथेच निघतो, तोही फुकटात.

३. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून मायक्रोफायबर कापडाने पुसा.

४. तरी राहिला तर खरखरीत प्लास्टिकवर खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा, पुसा. गोंद तेल पितो आणि त्याची पकड सुटते. कापडी सीटवर आणि छतावर तेल अजिबात नको, डागावर डाग पडेल.

५. शेवटचा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड साफ करायला वापरतात तेच. आधी हातमोजे घाला, गाडीची दारं उघडा. कापडावर घ्या, थेट गाडीवर ओतू नका. आधी ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघा. कापडाला रंग लागला किंवा जागा चिकट झाली तर तिथेच थांबा.

६. शेवटी साबणाच्या पाण्याने सगळं पुसून कोरडं करा. तेलाचा अंश राहिला तर धूळ बसते आणि नवी टेप धरत नाही.

पुढच्या काचेवरच्या फास्टॅगचा गोंद साबणाच्या पाण्याने भिजवा आणि नवं ब्लेड तिरकं धरून हळूच सरकवा. पण आधी विचारा, "दादा, जुना टॅग बंद केलाय ना?" निघालेला टॅग परत लावता येत नाही.

आता हिशोब

समजा एका डागाला अर्धा तास जातो. केमिकल, कापड, वीज मिळून वीस रुपये. तुमच्या अर्ध्या तासाची मजुरी पन्नास. खर्च सत्तर. तुम्ही दीडशे घेतले तर ऐंशी उरले. आता समजा एक पार्ट खराब झाला आणि भरपाई चार हजार. म्हणजे पन्नास कामांचा नफा एका बोळ्यात गेला. हा आकडा कागदावर लिहून दुकानात लावा. घाई करावीशी वाटली की तो वाचा.

"एवढ्याशा डागाला दीडशे?" असं गिऱ्हाईक म्हणणारच. भांडू नका. त्याला पृष्ठभाग दाखवा, लपलेल्या जागी टेस्ट त्याच्यासमोर करा. आपण काय वाचवतोय हे डोळ्यांनी दिसलं की बहुतेक जण घासाघीस करत नाहीत.

काम हातात घेण्याआधी तीन गोष्टी

डागाचा मोबाईलवर फोटो काढा आणि आधीचे ओरखडे मालकाला दाखवा. टेपखालचा भाग उन्हापासून झाकलेला असतो, त्यामुळे डाग गेला तरी रंगात फरक दिसू शकतो, हे आधीच सांगा. नंतर सांगितलं तर तो बहाणा वाटतो. आणि देवाचा फोटो काढलात तर स्वच्छ कापडात गुंडाळून मालकाच्या हातात द्या, पायाजवळ ठेवू नका. याचे पैसे मिळत नाहीत, पण गिऱ्हाईक हे विसरत नाही.

जिथे खात्री नाही तिथे "हे माझ्याकडून होणार नाही" म्हणा. दीडशे रुपये जातील, पण ग्राहक टिकेल. त्या आडत व्यापाऱ्यांना मी "दोन मिनिटांत करतो"ऐवजी "जरा बघू द्या मालक" म्हटलं असतं, तर आज कदाचित त्यांची तिसरी गाडी माझ्या दुकानासमोर उभी असती.

आजचा गृहपाठ: भंगारवाल्याकडून गाडीच्या डॅशबोर्डचा किंवा दाराचा एक जुना तुकडा आणा. त्यावर डबल टेप लावून आठवडाभर उन्हात ठेवा आणि मग वरच्या सहा पायऱ्या करून बघा. एका कोपऱ्यात थिनरही लावून बघा. माझ्या दुकानात काय झालं ते तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी दिसेल, आणि तेही कुणाचं नुकसान न करता.