वरूडची विहीर, दर्यापूरची विहीर

इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांचा शेतकरी आत्महत्यांवरचा अहवाल २००६ च्या जानेवारीत आला. वर्धा, यवतमाळ आणि वाशीम इथली आत्महत्या झालेली १११ घरं, आणि ताडून पाहायला न झालेली १०६. कर्ज बहुतेक ठिकाणी सापडलं. पण कर्ज शेजारच्या घरातही होतंच की! म्हणून लॉजिस्टिक रिग्रेशन: बाकी सगळं सारखं धरलं, तर एकट्या कर्जानं, एकट्या बैलजोडीनं पारडं किती झुकतं, म्हणजे त्यांचे गुणक किती?

वऱ्हाडात हे ‘एकट्या’च खटकतं. प्रश्नावलीत ‘विहीर: आहे / नाही’ असा रकाना असतो. वरूडमध्ये ‘आहे’ म्हणजे संत्र्याची बाग. दर्यापूरच्या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. तिथे ‘आहे’ म्हणजे बरेचदा विहिरीचं कर्ज तेवढं. दोघांना एकच गुणक दिला, तर सरासरी दोन्ही गावांबद्दल खोटं बोलते. विहीर आणि खारपाण यांच्या गुणाकाराचं वेगळं पद, म्हणजे जोडपद, हवं.

मग सगळेच गुणाकार का नकोत? वीस बाबी घेतल्या तर जोड्या होतात १९०, आणि घरं आहेत २१७. एखाद्या जोडीत तीनच घरं सापडतात, तिन्ही आत्महत्येची. त्या जोडीचा गुणक बिनदिक्कत अनंताकडे धावतो. इथे गुणकांना लगाम घालणाऱ्या पद्धती लागतात. होर्ल आणि केनर्ड यांचं रिज १९७० चं, तिबशिरानींचा लॅसो १९९६ चा. रिज सगळ्यांनाच शून्याकडे ओढतं, लॅसो दुबळ्यांना थेट काढून टाकतो. सावकाराचं कर्ज आणि कोरडवाहू रान हातात हात घालून येतात, तिथे लॅसो बहुधा एकालाच ठेवतो, म्हणून मला तो वऱ्हाडासाठी जरा उतावळा वाटतो.

‘एकट्या’ रकान्याची हीच चूक धोरणातही होते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, पुढच्यांना २५ टक्के सवलत. सात एकर कोरडवाहूवाला ‘मोठा’ ठरला, तीन एकर ओलीतवाला ‘लहान’. ओरड झाल्यावर दुष्काळप्रवण आणि पंतप्रधानांच्या मदत पॅकेजच्या जिल्ह्यांतल्या मोठ्यांना निदान २०,००० रुपयांची सूट मिळाली. क्षेत्र गुणिले जिल्हा: सरकारनं नकळत जोडपद घातलंच. फक्त जिल्हा चुकीचा रकाना होता. वरूड आणि दर्यापूर दोन्ही अमरावतीतच आहेत.