माणशी एक गाय

मायामीत खिडक्या उघड्या ठेवता येतात त्या जानेवारीत. बाकी वर्षभर एसी चालू आणि काचा बंद. त्या रविवारी मायामीला लागूनच्या हायालियातल्या घरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे हलत होते. अबुएलाने फ्रिजमधून मांसाची पिशवी काढली, ओट्यावर ठेवली, आणि आधी जाऊन शेजाऱ्याच्या बाजूची खिडकी लावून घेतली. कडी घातली. मग हात धुतले.

ही खिडकी बघायलाच मी गेलो होतो. माझा मावसभाऊ बरीच वर्षं मायामी बंदरातून सुटणाऱ्या क्रूझवर स्वयंपाकी होता. वसई-गोव्याकडच्या कितीतरी मुलांचं आयुष्य या बोटींच्या भटारखान्यात जातं, त्यातलाच एक. पुढे तो क्यूबन घरचा जावई झाला आणि बोट सोडून हायालियात राहिला. एकदा फोनवर सहज बोलून गेला, ‘‘सासूबाई कोंबडी करू देत, डुक्कर करू देत, खिडकी उघडी. गाईचं मांस आणलं की पहिली खिडकी बंद. चाळीस वर्षं झाली अमेरिकेत येऊन.’’

अबुएला म्हणजे आजी. नातवंडं म्हणतात म्हणून सगळं घर म्हणतं, मीही म्हणू लागलो. सत्तरी कधीच ओलांडलेली, बुटकी, केस डोक्याच्या मागे घट्ट बांधलेले. ती क्यूबातल्या कामाग्वेई प्रांतातली, म्हणजे सपाट माळरानांच्या आणि गुराढोरांच्या मुलखातली. १९८० साली मारिएल बंदर काही महिने खुलं झालं आणि सुमारे सव्वा लाख क्यूबन माणसं मिळेल त्या बोटीने फ्लोरिडाला आली, त्यात ही दोन पोरं घेऊन आली. इंग्रजी तिला येत नाही. हायालियात ते लागतही नाही. दुकान, दवाखाना, बँक, चर्च, सगळं स्पॅनिशमध्ये. आमच्यात मावसभाऊ दुभाषा.

आज बेत होता कार्ने कोन पापासचा. गाईचं मांस आणि बटाटे, रस्सेदार. क्यूबन हॉटेलांत पर्यटक मागवतात तो रोपा व्हिएहा. हे मात्र घरचं, आजारातून उठलेल्याला, परीक्षेहून आलेल्याला, नोकरी गेलेल्याला वाढायचं जेवण.

खांद्याकडचं मांस तिने मोठ्या लिंबाएवढ्या तुकड्यांत कापलं. लाकडी खलात लसूण, मीठ आणि जिरं कुटलं, त्यात आंबट संत्र्याचा रस पिळला, मांसाला चोळून ठेवलं. जिऱ्याचा वास आला तेव्हा मावसभावाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. ‘‘म्हणून इथे टिकलो,’’ म्हणाला.

मग काल्देरो चढला. जाड ओतीव ॲल्युमिनियमचं हे पातेलं प्रत्येक क्यूबन घरात असतं. तेल तापल्यावर तिने एका वेळी पाच-सहा तुकडेच टाकले. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी वाफेवर शिजतं. एकेका तुकड्याची एकेक बाजू लालसर होईपर्यंत ती पातेल्यापाशी उभी, आणि तेव्हाच ते वाक्य पहिल्यांदा आलं.

‘‘क्रांतीच्या आधी क्यूबात माणशी एक गाय होती.’’

मावसभाऊ म्हणाला, ‘‘आता हे दिवसभर ऐकायचं.’’

खिडकीचं कारण तिने न विचारता सांगितलं, पण तुकडे परतता परतता, खूप महत्त्वाचं नसल्यासारखं. क्रांतीनंतर, १९६० साली, फिडेल कास्त्रोंच्या क्यूबात गल्लोगल्ली क्रांतिरक्षणाच्या समित्या निघाल्या. कोण येतं, कोण जातं, कोणाकडे काय शिजतं, यावर शेजारच लक्ष ठेवणार. १९६२ साली रेशनची वही आली. गाई शेतकऱ्याच्या गोठ्यात, चारा त्याचा, राखण त्याची, पण सरकारच्या परवानगीशिवाय स्वतःची गाय कापली तर सरळ कैद. चोरून कापलेल्या गाईचं मांस विकत घेणाराही गुन्हेगार. म्हणजे पिशवीतलं मांस लपवता यायचं, केळ्यांखाली, कपड्यांखाली. वास कुठे लपवणार? कोंबडीचा वास कोणाला खटकत नसे. गाईच्या मांसाचा वास म्हणजे पुरावा. म्हणून खिडक्या बंद, रेडिओ मोठा, आणि प्रेशर कुकर, कारण त्यात काम लवकर उरकतं आणि वास कोंडला जातो. क्यूबात लोक म्हणतात, माणूस मारला तर एकवेळ सुटशील, गाय मारलीस तर नाही. कायद्याच्या कलमांत ते तसं नाही, खुनाची शिक्षा मोठीच आहे. पण लोक ते म्हणतात आणि मान डोलावतात. गाय अपघातात मेली तर सुटका होते म्हणून रात्री रुळांवर गाय बांधून ठेवणाऱ्यांच्या गोष्टीही मी तिथे ऐकल्या, दर वेळी नव्या गावाच्या नावाने.

मी तिला म्हटलं, आमच्या राज्यातही गाय कापायला बंदी आहे, १९७६ च्या कायद्याने. २०१५ मध्ये त्यात बैलही आले. आमच्या वसईच्या घरात रविवारी शिजायचं ते तेव्हापासून म्हशीचं झालं.

तिने पलिता हवेत धरला. ‘‘तुमच्याकडेही कम्युनिस्ट आहेत?’’

मावसभाऊ हसून हसून खुर्चीत बसला. नाही, धर्मामुळे, असं त्याने समजावलं तेव्हा ती पुन्हा पातेल्याकडे वळली. पटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. बंदीला कारण कोणतं, यात तिला रस नव्हता. खिडकी कोण उघडायला लावतं आणि कोण बंद करायला लावतं, एवढंच तिला कळत होतं.

भाजलेलं मांस बाजूला काढून त्याच तेलात सोफ्रितो सुरू झाला, आणि या पदार्थाचं खरं काम इथे आहे असं माझं मत झालं. कांदा बारीक चिरलेला, हिरवी ढोबळी मिरची तितकीच बारीक, मग लसूण. आपल्या फोडणीची घाई इथे नाही. आपण मोहरी तडतडली की पुढे पळतो. ती मंद आचेवर वीसेक मिनिटं नुसती ढवळत राहिली. पातेल्याच्या बुडाला मांसाचा जो तपकिरी थर धरला होता तो कांद्याच्या पाण्याने सुटत गेला आणि कांद्यालाच तो रंग चढला. आधी कच्च्या मिरचीचा हिरवट वास, मग गोडसर, मग असा एक वास की ज्यात कांदा वेगळा, मिरची वेगळी सांगता येत नाही. दोनदा मला वाटलं आता झालं. दोन्ही वेळा तिने मान हलवली. तिखट यात कुठेच नाही. क्यूबन माणूस तिखट खात नाही, हे भारतीयाला शेवटपर्यंत खरं वाटत नाही.

मग पुढची सगळी मंडळी भराभर आली: टोमॅटो सॉसचा छोटा डबा, ओरेगानो, आणखी जिरं, तमालपत्र, आणि वीनो सेकोची धार. ही स्वयंपाकाची पांढरी वाइन, बाटलीतच मीठ घातलेली, पिण्याच्या कामाची नाही. मांस परत आत, वर पाणी, झाकण अर्धवट.

‘‘माणशी एक गाय,’’ झाकण ठेवताना ती म्हणाली.

आता हा आकडा. तो तिने मनाने रचलेला नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी क्यूबात साधारण साठ लाख गुरं होती आणि माणसं त्याहून थोडीच जास्त. हायालियात कॉफी विकणाऱ्या प्रत्येक खिडकीशी हा हिशेब तुम्हाला कोणीतरी ऐकवतोच. पण सरासरीत गाय मिळते, ताटात नाही. कामाग्वेईची मोठमोठी कुरणं थोड्या लोकांच्या हातात होती. टेक्ससच्या किंग रँचचाही तिथे पसारा होता. १९५७ च्या सुमारास हवानातल्या एका कॅथलिक विद्यार्थी संघटनेने शेतमजुरांची पाहणी केली, ती काही कम्युनिस्टांची नव्हती. नेहमीच्या जेवणात मांस असल्याचं सांगणारे मजूर निघाले शंभरात चार. माणशी एक गाय आणि शंभरात चार जणांना मांस, हे दोन्ही एकाच देशाचे, एकाच काळाचे आकडे. पहिला हायालियात पाठ आहे. दुसरा समुद्रापलीकडे सरकारी भाषणांत शोभला असता, पण तिथे ‘आता शंभरात किती?’ असं कोणी विचारायची सोय नव्हती.

मांस शिजायला दीड-दोन तास. मुलीने, म्हणजे माझ्या वहिनीने, कुकर काढू का विचारलं. अबुएलाने तिच्याकडे बघितलंही नाही. कुकर घाबरलेल्या माणसांसाठी, असं तिचं म्हणणं. इथे ती अर्धवट झाकलेल्या पातेल्यात मंद आचेवर शिजवते, वास घरभर फिरू देते, बाहेरच्या खोलीत, जिन्यात, वाळत घातलेल्या कपड्यांत. खिडकी मात्र बंद. या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जुळतात हे मी मावसभावाला विचारलं, तो म्हणाला, ‘‘तू विचार. मी जावई आहे.’’ मी नाही विचारलं.

तिची धाकटी बहीण कामाग्वेईतच राहिली. तिच्या गोष्टी फोनवरून यायच्या. १९८२ साली उब्रे ब्लांका नावाच्या गाईने एका दिवसात १०९.५ लिटर दूध देऊन जगाचा विक्रम केला. कास्त्रोंची लाडकी; मेल्यावर तिच्यात भुसा भरून जपून ठेवली. बहीण म्हणे, दूध टीव्हीवर भरपूर आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि क्यूबाचं तेल, धान्य, खत, सगळं आटलं. खिम्याच्या नावाखाली सोयाबीन मिसळलेला लगदा रेशनवर येऊ लागला. १९९२-९३ मध्ये पन्नास हजारांवर लोकांना नसांचा आजार जडला, त्यातल्या साधारण निम्म्यांची नजर अंधू झाली. खाण्यातला कस कमी पडला, हे त्यामागचं मोठं कारण. सरकारने घरोघर जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या. नजर अंधू झालेल्यांत बहीणही होती. २००५ मध्ये कास्त्रोंनी महिला दिनाच्या भाषणात प्रेशर कुकर घरोघर देण्याची घोषणा केली. बहिणीलाही मिळाला. तिने फोनवर सांगितलं, कुकर आला, आत घालायचं काय ते अजून यायचंय.

शेल्फवर नित्सा विल्यापोलचं ‘कोसीना अल मिनुतो’ आहे, पाठ निघालेली, तेलकट प्रत. ही बाई क्रांतीच्या आधीपासून टीव्हीवर स्वयंपाक शिकवत होती आणि क्रांतीनंतरही तिथेच राहिली, चाळीसेक वर्षं. पदार्थासाठी सामान शोधायचं सोडून हाती आहे त्या सामानाचा पदार्थ शोधायचा, अशी तिने पद्धतच उलटी केली. हायालियातले काही लोक तिचं नाव अजून दात-ओठ खाऊन घेतात, उपाशी लोकांना टंचाई गोड करून दाखवली म्हणून. अबुएला नाही. ती म्हणते, त्या बाईकडे कॅमेरा होता, मांस नव्हतं, ती काय करणार?

बटाटे शेवटी. मोठ्या फोडी करून, मांस बोटाने तुटायला लागल्यावरच. आधी घातले तर लापशी होते. बटाटाही क्यूबात थंडीतच पिकतो, बियाणं बहुतेक बाहेरून येतं, बोटीला उशीर झाला की तोही गायब. म्हणजे या पदार्थाच्या नावातल्या दोन्ही वस्तू तिकडे अडलेल्या. फोडींच्या कडा विरघळून रस्सा आपोआप दाट झाला. मिरचीचा लाल तुकडा पोटात घातलेले हिरवे ऑलिव्ह मूठभर पडले, आच बंद.

जेवायला पांढरा भात, तळलेली पिकलेली केळी, अवाकादोच्या फोडी. पहिला घास मऊ, खारट-आंबट, मग जिरं, आणि सगळ्यात मागून ते वीस मिनिटांचं कांदा-मिरचीचं प्रकरण. मांस चावावं लागत नाही. मी दुसऱ्यांदा घेतलं.

‘‘माणशी एक गाय,’’ अबुएला म्हणाली, खुशीत.

कॉलेजात जाणारा नातू समोर बसला होता. त्याने विचारलं, ‘‘तुझ्या वडिलांकडे किती होत्या?’’

‘‘वडील दुसऱ्याच्या कुरणावर दूध काढायचे.’’

‘‘मग तुझी गाय कुठे होती?’’

‘‘तिथेच,’’ ती म्हणाली. ‘‘रोज बघायचे मी तिला.’’ टेबलावर हशा झाला, त्यात तिचाही. मांस कधी खायचात, हेही नातवाने विचारलं. लग्नकार्याला, नाताळला डुक्कर, आणि मालकाची एखादी गाय पाय मोडून पडली तर, असं उत्तर आलं. बाकी मक्याच्या पिठाची लापशी, हारीना. चवीला चांगली असते, हेही तिने बजावलं.

तेवढ्यात मावसभावाने कपाटामागून एक बाटली काढली. वसईहून आलेला बॉटल मसाला. त्याने चमचाभर आपल्या ताटात भुरभुरवला आणि बाटली माझ्याकडे सरकवली. अबुएलाने ती मध्येच अडवली, झाकण पिळून बंद केलं आणि स्वतःच्या पाण्याच्या ग्लासामागे ठेवून दिली.

‘‘याला सांग,’’ ती मुलीला म्हणाली, ‘‘पाहुणा आहे म्हणून ऐकून घेते, पण पहिल्या ताटात नाही. दुसऱ्या ताटात काय करायचं ते करा.’’

‘‘हे त्याचं दुसरंच आहे,’’ मावसभाऊ म्हणाला.

तिने माझ्या ताटात वाकून बघितलं, पळीभर रस्सा आणखी वाढला, आणि बाटली दिली नाही.