अंगणातले तोरिंग : जुने झाड आहे तोवर गुटी बांधा

थंडी सरता सरता तोरिंगाला बहर येतो. पांढरी, जाड पाकळ्यांची ती फुले रात्री असा वास सोडतात की झाड न दिसताही ते कोणाच्या परसात आहे हे कळावे. मराठीत याला पपनस म्हणतात. पोर्तुगीज भाषेतल्या 'तोरांजा' या शब्दाशी नाते सांगणारे तोरिंग हे नाव आपल्याकडे घराघरांत रुळले आहे. लिंबाच्या कुळातले सर्वांत मोठे फळ हेच. मूळचे ते मलाया, इंडोनेशियाच्या बाजूचे. पण माड, फणस, आंबाडा यांच्या जोडीने ते आपल्या परसात इतके मुरले आहे की त्याला परके म्हणवत नाही.

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत जुन्या घरांमागे, विहिरीच्या कडेला, कुळागराच्या बांधावर अशी झाडे आहेत. पण ती बहुतेक म्हातारी झाली आहेत. काही पोखरली आहेत, काहींवर बांडगूळ माजले आहे, तर काही अशा घरांच्या दारात उभी आहेत जिथली माणसे आखातात किंवा इंग्लंडात गेल्यामुळे घराला कुलूप आहे. घर पाडून नवे बांधायचे ठरले की पहिली कुऱ्हाड परसातल्या झाडावर पडते. मग 'आमच्या आजीच्या घरचे तोरिंग साखरेसारखे होते' एवढीच आठवण मागे राहते. हे टाळता येते, आणि त्याला खर्चही फारसा नाही. या लेखात आम्ही तेच सांगणार आहोत.

बी लावून तेच फळ का मिळत नाही?

पुष्कळ जण गोड तोरिंग खाऊन त्याची बी कुंडीत पेरतात. रोप उगवते, जोमाने वाढते, सात-आठ किंवा दहा वर्षे वाट पाहायला लावते आणि शेवटी आंबट, कडवट, जाड सालीचे फळ हाती देते. यात जमिनीचा दोष नसतो आणि लावणाऱ्याच्या हाताचाही नसतो.

कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात आणि त्यांतले बरेचसे आईच्याच अंगाचे असतात. म्हणून लिंबू बीपासून लावले तरी चालते. तोरिंगाचे तसे नाही. त्याच्या बीतून एकच कोंब येतो आणि त्यात आईबरोबर बापाचाही वाटा असतो. बाप कोण, हे मधमाशीलाच ठाऊक! शिवाय तोरिंगाच्या अनेक झाडांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. म्हणून बीचे प्रत्येक रोप हे नवेच झाड असते. गोडी, रंग, सालीची जाडी यांपैकी कशाचीच हमी नसते.

या कुळात असे संकर सहज होतात. संत्रीच्या जातीचे झाड आणि तोरिंग यांच्या संकरातून आपले मोसंबे जन्मले. तोरिंग आणि मोसंबे वर्गातील गोड नारिंग यांच्या संकरातून अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर ग्रेपफ्रूट आले. निसर्गाला ही देवघेव आवडते, पण आपल्याला आजीच्याच झाडाचे फळ हवे असेल तर त्या झाडाची फांदीच मुळासकट मिळवली पाहिजे. तिलाच गुटी म्हणतात.

गुटी कशी बांधावी?

पावसाळा सुरू झाला की, म्हणजे जून-जुलैत, हे काम करावे. हवेत ओल असल्याने मुळे लवकर फुटतात.

१. झाड नीट पाहून निवडा. दोन-तीन हंगाम चांगली फळे देणारे, गोंद न गाळणारे, पाने तजेलदार असणारे झाड हवे. पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग असतील, फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, फळे लहान आणि एका बाजूने वाकडी राहत असतील तर त्या झाडाची गुटी घेऊ नका. लिंबाच्या कुळातले काही रोग कलमाबरोबरच नव्या झाडात येतात. शंका वाटल्यास आपल्या तालुक्यातील कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात फांदी दाखवून विचारा.

२. एका वर्षाची, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, उजेडाकडची सरळ फांदी घ्या. शेंड्यापासून हात-दीड हात अंतरावरची पाने काढा आणि तिथे इंचभर रुंदीची साल धारदार सुरीने गोल काढा. आतल्या पांढऱ्या लाकडावरचा बुळबुळीत थर हलकेच खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत.

३. वरच्या कापाच्या कडेला मुळे फुटण्याची पूड लावा. ती बी-बियाण्यांच्या दुकानात मिळते. नसली तरी गुटी होते, पण पुडीने खात्री वाढते.

४. ओले शेवाळ किंवा काथ्याचा भिजवलेला भुसा मूठभर घ्या, पिळून पाणी काढा, कापाभोवती लाडवासारखा दाबून बसवा. वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधा. आत पावसाचे पाणी शिरता कामा नये.

५. सहा ते आठ आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती तांबूस होऊ लागली की गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्या आणि आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा. निम्मी पाने छाटा, प्लास्टिक सोडा, गोळा न फोडता माती-शेणखताच्या पिशवीत लावून सावलीत ठेवा.

एकाच झाडावर चार-पाच गुट्या बांधाव्यात, कारण सगळ्याच लागतात असे नाही. झाड शेजाऱ्याचे असेल तर आधी विचारा आणि तयार झालेले एक कलम त्यालाही द्या. बंद घराच्या मालकाला दूरदेशी निरोप पाठवला तर तो सहसा नाही म्हणणार नाही. त्याच्याच घरची जात राखली जाते आहे.

कलम लावण्याची जागा

पिशवीतले कलम एक वर्ष जपून पुढच्या जूनमध्ये, दोन-तीन पाऊस पडून गेल्यावर लावावे. तोरिंगाचे झाड मोठे होते. घरापासून आणि दुसऱ्या झाडापासून वीस-बावीस फूट अंतर ठेवा. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा हवी. माडाच्या दाट सावलीत झाड जगते, पण फळत नाही.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लिंबाच्या कुळातली झाडे आपल्याकडे उन्हाने मरतात त्यापेक्षा पाण्यात उभी राहून जास्त मरतात. जांभ्या दगडात नुसता खड्डा खणला तर पावसाळ्यात त्याची टाकी होते. म्हणून तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा. तळाचा दगड फोडून पाण्याला वाट करा. वरची माती, दोन-तीन टोपल्या कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा आणि जमिनीपेक्षा वीतभर उंच ढिगारा करून त्यावर कलम लावा. बुंधा मातीत पुरू नका. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे काठीचा आधार बांधा, नाहीतर आषाढातला वारा ते उपटून टाकतो.

पाणी आणि खत

पाऊस थांबल्यापासून मे अखेरपर्यंत पाणी द्यावे लागते. लहान झाडाला दोन-तीन दिवसांआड, मोठ्याला आठवड्यातून एकदा भरपूर द्यावे. आळे बुंध्याला चिकटून करू नका. बुंध्याभोवती मातीची उटी ठेवून तिच्याबाहेर गोल आळे करा. पाणी पिणारी बारीक मुळे फांद्यांच्या घेराखाली असतात. आळ्यात सुका पाचोळा पसरावा, पण बुंध्यापासून हातभर दूर. फळे वाटाण्याएवढी असताना पाणी एकदम तोडले तर ती गळतात.

मोठ्या झाडाला वर्षाला वीस-पंचवीस किलो शेणखत, दोन किलो निंबोळी पेंड आणि थोडी चुलीची राख पुरते. ते जूनच्या आरंभी आणि पाऊस ओसरल्यावर असे दोन हप्त्यांत द्यावे. नवी पाने लहान राहून शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर जस्त कमी पडते आहे असे समजावे. आपली जांभी जमीन आंबट असते, म्हणून चुना किती घालायचा ते माती तपासूनच ठरवावे.

रोग आणि कीड

पहिला शत्रू म्हणजे बुंधा कुजण्याचा रोग. मातीलगतची साल ओली काळपट होते, फुटते आणि गोंद गळतो. पोफळीच्या कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण आपण मारतो, तेच इथे घट्ट लेपाच्या रूपाने कामी येते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात भिजवा आणि मग दोन्ही एकत्र करा. लोखंडी भांडे वापरू नका, मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्या. कुजलेली साल खरवडून हा लेप मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात बुंध्याला तीन फुटांपर्यंत लावावा.

लहान झाडाची पाने खाणारी, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मग हिरवीगार दिसणारी अळी ही फुलपाखराची असते. ती सकाळी हाताने वेचावी. कोवळ्या पानांत चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या तर निंबोळी अर्क फवारावा. श्रावण-भाद्रपदात रात्री एक मोठा पतंग पिकत्या फळाला सोंड खुपसून रस पितो आणि फळ गळते. फळांना जुन्या कापडाची पिशवी बांधणे हा साधा उपाय आहे. पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या पुष्कळ किडी खातात. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून लोक त्या मुद्दाम नारिंगाच्या बागांत सोडत आले आहेत. मात्र मुंग्यांच्या आश्रयाने खवले किडी वाढतात का, यावर लक्ष ठेवावे.

झाड मोठे झाले, फुले लागतात, पण फळ धरत नाही, अशी तक्रार असेल तर जवळपास दुसरे तोरिंग किंवा लिंबाच्या कुळातले दुसरे झाड लावून पाहा आणि बहरात औषध फवारू नका. मधमाशी मेली तर फळ कुठून येणार?

फळाचा उपयोग

गुटीचे झाड तीन-चार वर्षांत फळू लागते. हिंदू शेजाऱ्यांच्या चतुर्थीच्या माटोळीत तोरिंग लागतेच, म्हणून त्या दिवसांत बाजारात त्याला चांगला उठाव असतो. फळ काढल्यावर आठवडाभर घरात ठेवावे, म्हणजे सोलायला सोपे जाते. फोडींवरचा पांढरा पापुद्रा काढून मीठ-साखर लावून खावे. शंभर ग्रॅम गरातून साठ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळते. जाड साल फेकू नका. तिचे तुकडे तीन वेळा पाणी बदलून उकळले की कडूपणा जातो. मग साखरेच्या पाकात मुरवून वाळवावे. नाताळच्या केकमध्ये ते बाजारच्या रंगीत तुकड्यांपेक्षा कितीतरी चांगले लागतात.

औषधे घेणाऱ्यांनी हे नक्की वाचावे

फळ चांगले आहे, पण प्रत्येक औषधाबरोबर चालतेच असे नाही. १९८९ साली कॅनडातील संशोधकांच्या ध्यानात आले की ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर रक्तदाबाचे एक औषध घेतले तर रक्तातले त्याचे प्रमाण फार वाढते. या फळांतील काही द्रव्ये आतड्यातील औषध मोडणाऱ्या पाचकद्रव्याला निकामी करतात. तीच द्रव्ये तोरिंगातही असतात. हा परिणाम एक दिवस किंवा अधिक टिकतो, म्हणून 'गोळी रात्री आणि फळ सकाळी' ही युक्ती उपयोगी नाही.

कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रक्तदाबासाठी फेलोडिपिन किंवा निफेडिपिन, मूत्रपिंड बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोरिंग खाऊ नये. फळासाठी गोळी मात्र बंद करू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनीही विचारावे, कारण या फळात पोटॅशियम असते. मधुमेह असणाऱ्यांनी रस न पिता मोजक्या फोडी खाव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांची गोळ्यांची चिठ्ठी एकदा या दृष्टीने डॉक्टरांकडून पाहून घ्या. त्यांना मायेने फळ सोलून देणारेही आपणच असतो.

आता कामाला लागा. या बहरात आपल्या वाड्यावरचे कोणते तोरिंग सर्वांत गोड, हे जुन्या माणसांना विचारून ठेवा. जूनचा पहिला पाऊस पडला की त्यावर चार गुट्या बांधा. एक आपल्या परसात लावा, एक झाडाच्या मालकाला द्या आणि उरलेल्या ज्यांच्या अंगणात जागा आहे त्यांना द्या. एकाच अंगणात असलेली जात एका वादळात संपते. चार अंगणांत असेल तर टिकते.