ताकदीचा मास्तर कॉलेजात कधी येणार?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात पहाटेचं मैदान रिकामं नसतं. वाळूज एमआयडीसीतली पहिली पाळी सुरू व्हायच्या आधीच पोरंपोरी धावायला उतरलेली असतात. बहुतेकांच्या डोक्यात पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यांची तयारी करून घेणाऱ्या अकादमीतल्या सरांना त्यातून चार पैसे मिळतात. हीच मुलं कॉलेजच्या संघातून कबड्डी-खोखो खेळतात, तेव्हा मात्र त्यांच्या शरीराकडे जाणकार नजरेनं पाहणारं तिथे कोणी नसतं.

कॉलेजात असतो तो क्रीडा संचालक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार त्याला पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी तर लागतेच, शिवाय धावूनही दाखवावं लागतं. तिशीपर्यंतच्या पुरुषानं १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीनं ८ मिनिटांत १००० मीटर. हा नियम मला मनापासून पटतो. पण संघनिवड, प्रवेशिका, प्रवासाची बिलं, मैदानाची डागडुजी हे सगळं त्या एकाच्याच गळ्यात. अनेक ठिकाणी तर तोही तासिका तत्त्वावर. खेळाडूंची ताकद आणि तंदुरुस्ती घडवणारा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच असं पद कॉलेजच्या आकृतिबंधात नाहीच.

अमेरिकेत हा पेशा कॉलेजातच जन्मला. पाठीच्या दुखापतीनं मैदानाबाहेर गेलेला पोलव्हॉल्टपटू बॉइड एप्ली याला १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठानं अमेरिकन फुटबॉल संघाच्या ताकदीसाठी नेमलं. वजनं उचलून खेळाडू मंदावतात, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. १९७० आणि १९७१ साली तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १९७८ मध्ये एप्लीनंच या प्रशिक्षकांची संघटना उभी केली.

आपल्या मातीला हे परकं नाही. जोर-बैठका, खुराक आणि झोप या तिन्हींवर तालमीतला वस्ताद स्वतः लक्ष ठेवत आला. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षण देत आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैलवान खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवलं आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. कॉलेजनं मनावर घेतलं तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

हा कोच नेमकं करतो काय? कबड्डीतली मुलगी उडी मारून खाली येताना पाहा. गुडघा आत वळला, की तिथला लिगामेंट तुटण्याचा धोका वाढतो. तो तुटला तर बहुधा शस्त्रक्रिया आणि पुढचे आठ-दहा महिने गेले. कोच तिला आधी दोन पायांवर हळूच उतरायला शिकवतो, मग एका पायावर, मग धक्का बसत असताना. मांड्यांची मागची बाजू आणि कंबर बळकट करून घेतो. नॉर्वेतल्या मुलींच्या फुटबॉल संघांवर असा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप नियमानं राबवला, तेव्हा एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशानं कमी झाल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. शिकलेला माणूस लागतो.

असा माणूस आज आयपीएलच्या संघांत आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रांत दिसतो. साईचं एक केंद्र तर आपल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे. बाकी बीपीएड-एमपीएड झालेली हुशार मुलं जिममध्ये पर्सनल ट्रेनर होतात. मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय परीक्षा इंग्रजीत, फी डॉलरमध्ये. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला ती कशी परवडणार?

यावर तोडगा आहे. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वात (सीएसआर) धरला जातो, आणि बजाजनगर तर कारखान्यांच्या कुशीतच वसलं आहे. परिसरातल्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक कोच पूर्ण पगारावर नेमावा आणि त्यासाठी उद्योगांकडे रीतसर प्रस्ताव द्यावा. संस्थाचालकांनो, पुढच्या जूनची वाट न पाहता तो प्रस्ताव या दिवाळीनंतर लगेच लिहा.