खाऱ्या टाकीचे विरजण

नवी काचेची टाकी येते, मिठाचे पाणी भरले जाते, फिल्टर सुरू होतो. चार-पाच दिवसांत पाणी आरशासारखे नितळ दिसू लागते आणि घरातल्यांचा धीर सुटतो. क्लाउनफिशची जोडी आणून सोडली जाते. आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, खाणे सोडतात आणि एकामागून एक मरतात. त्यावरून निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो: समुद्रातले मासे नाजूक, ते घरात टिकायचे नाहीत. हा निष्कर्ष चुकीचा आहे. नीट बसलेल्या टाकीत क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगतो. नव्या टाकीत तो बहुधा मरतो तो स्वतःच बाहेर टाकलेल्या अमोनियामुळे, कारण तो अमोनिया खाणारे कोणी तिथे अजून वसलेलेच नसते. खाऱ्या टाकीबद्दलचे बहुतेक गैरसमज या एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जन्मतात, असे माझे मत आहे. टाकी म्हणजे पाण्याचे भांडे नव्हे. ती आधी जिवाणूंची वस्ती असते आणि मग माशांचे घर.

पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते तयार आहे, हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट ही तिन्ही पाण्यात विरघळली की रंगहीन असतात. पाण्याचा नितळपणा फार तर गाळ खाली बसल्याचे सांगतो, विषाबद्दल काहीच सांगत नाही. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, त्यामुळे खाद्य कमी दिले तरी तो थांबत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात तो अधिक घातक ठरतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. विद्युतभारित अमोनियम तुलनेने निरुपद्रवी असते, भाररहित अमोनिया मात्र कल्ल्यांतून सहज आत शिरतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, जितका जास्त, तितका घातक रूपाचा वाटा मोठा. गोड्या पाण्याच्या टाकीत पीएच ७ च्या आसपास असेल तर हा वाटा अर्धा टक्का भरतो. खाऱ्या टाकीत पीएच साधारण ८.१ ते ८.४ राखतात आणि तिथे हाच वाटा दहापटीहून जास्त होतो. गोड्या पाण्याच्या टाकीत खपून गेलेली घाई खाऱ्या टाकीत का खपत नाही, याचे उत्तर इथे आहे.

हा अमोनिया निस्तरणारे जीव कोण, हे समजायला विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले की काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि काही नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि त्या रासायनिक क्रियेच्या ऊर्जेवरच जगतात. पुढे अनेक दशके मत्स्यालयांच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोन नावे पाठ केल्यासारखी येत राहिली. १९९० च्या दशकात जनुकीय तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा मत्स्यालयांत नायट्राइट खाणारा प्रमुख जिवाणू नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा असल्याचे दिसले. २००५ साली तर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल मत्स्यालयाच्या एका उष्णकटिबंधीय खाऱ्या टाकीतल्या खडीतून अमोनिया खाणारा एक वेगळाच सूक्ष्मजीव हाती आला. तो जिवाणू नव्हता, आर्किया या निराळ्याच कुळातला होता. त्याला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे नाव मिळाले आणि त्याचे भाईबंद साऱ्या महासागरांत पसरलेले आहेत, हे नंतर ध्यानात आले. समुद्रातल्या नायट्रोजनच्या चक्राचा एवढा मोठा कर्ता माशांच्या टाकीच्या तळाशी सापडावा, ही मला या छंदातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

या वस्तीला घडवण्याच्या काळाला हौशी लोक ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात. मराठी घरात त्याला जवळचा शब्द विरजण. नव्या टाकीला जुन्या, चालत्या टाकीतले थोडे जिवाणू मिळाले की काम लवकर होते, इथपर्यंत ही तुलना चोख आहे. पण पुढे ती दोन ठिकाणी तुटते आणि नेमक्या त्याच दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, विरजण दुधात ढवळून सगळीकडे पसरते. हे जिवाणू मात्र पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते दगड, वाळू, फिल्टरचा स्पंज यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून मित्राच्या टाकीतले बादलीभर जुने पाणी आणून काही साधत नाही. त्याच टाकीतला दगड किंवा न धुतलेला स्पंजचा तुकडा ओला ठेवून आणला, तर खरे विरजण मिळते. अर्थात तिथला रोगही सोबत येऊ शकतो, तेव्हा टाकी निरोगी हवी. याच कारणाने पाणी बदलले म्हणून जिवाणू जात नाहीत, पण फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर नळातल्या क्लोरीनने ते मरतात. दोन, दही एका रात्रीत लागते. इथे आठवडे लागतात. अन्न सडवणारे साधे जिवाणू अनुकूल स्थितीत विसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, नायट्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसाहून अधिक काळ लागतो. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जाच तुटपुंजी असते आणि तिच्यावर त्यांना आपले शरीर कार्बन डायऑक्साइडपासून बांधायचे असते.

मग सायकल किती दिवसांची? तीन ते सहा आठवडे हा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे. तापमान, विरजण, दगडांचा सच्छिद्रपणा यांनुसार तो बदलतो. दिनदर्शिकेवर खुणा करत बसण्यापेक्षा टेस्ट किटने मोजणे हाच भरवशाचा मार्ग. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते, शेवटी नायट्रेट साठू लागते. इथे एक बारकावा सांगायला हवा. नायट्राइटला लोक अमोनियाइतकेच घाबरतात. गोड्या पाण्यात ते रास्त आहे, पण समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि ते कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवते. खाऱ्या टाकीत नायट्राइट मोजायचे ते विष म्हणून कमी आणि वस्तीचा दुसरा भाग अजून उभा राहिलेला नाही याची खूण म्हणून जास्त.

यावर दुकानांतून हमखास येणारा आक्षेप असा, की स्वस्त आणि चिवट डॅमसेल मासे सोडूनच टाक्या सायकल होत आल्या आहेत आणि ते मासे जगतात. काही जगतात, हे खरे. पण जगणे म्हणजे इजा न होणे नव्हे. अमोनियाने कल्ल्यांच्या पेशी सुजतात, झडतात, आणि असा मासा पुढे साध्या रोगालाही बळी पडतो. शिवाय जगलेला डॅमसेल आपली हद्द धरून बसतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक माशावर धावून जातो. दगडांच्या आडून त्याला पकडायचे तर अख्खी रचना उपसावी लागते. मुख्य म्हणजे त्याची गरजच नाही. जिवाणूंना मासा नको, अमोनिया हवा, आणि तो पुरवणारा पदार्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे: नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, भांड्यांच्या कल्हईत लागणारा. बाजारातल्या कल्हईच्या खड्यांत अशुद्धी असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. १०० लिटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया हवा असेल तर सुमारे ०.६ ग्रॅम नवसागर पुरतो. कोळंबीचा तुकडा कुजत ठेवूनही अमोनिया मिळतो, पण त्यात मोजमाप राहत नाही आणि वास येतो तो वेगळाच.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल दोन टोकांची मते आहेत: एक म्हणते ती शुद्ध फसवणूक, दुसरे म्हणते बाटली ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा. दोन्ही घाईची. खरे नायट्रीकरण करणारे जिवंत जिवाणू बाटलीत असतील, तर त्या बाटलीने आठवडे वाचतात. पण हे जिवाणू बीजाणू करून तग धरणारे नाहीत, आणि मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेल्या बाटलीत ते जिवंत असतीलच असे नाही. काही बाटल्यांत तर बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते बीजाणू करतात, मळ कुजवतात, पण अमोनियाचे नायट्रेट करणे हे त्यांचे काम नाही. बाटलीवरचे नाव वाचावे आणि ओतल्यावर नवसागराने परीक्षा घ्यावी, म्हणजे वादाला जागा उरत नाही.

आता मीठ. समुद्राचे पाणी आटवूनच मीठ काढतात, मग मिठागरातले खडेमीठ पाण्यात घातले की पुन्हा समुद्र व्हायला हवा, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. उरण-पेणच्या मिठागरांत काय घडते ते पाहिले की तो कोसळतो. उन्हाने पाणी आटू लागले की सगळे क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. पाणी निम्म्यावर येते तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, पाचव्या हिश्शावर येते तेव्हा जिप्सम, आणि जवळजवळ दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे सोडियम क्लोराइडचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहते आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे खडेमीठ हा समुद्रातून निवडून काढलेला एकच क्षार आहे. समुद्रात दर लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते. खडेमिठाच्या द्रावणात ते नावापुरते. जिवाणूंच्या दृष्टीनेही हे पाणी अपुरे पडते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी आम्ल शोषण्याची क्षमता खर्ची पडते. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात ती क्षमता असते. ती नसलेल्या मिठाच्या पाण्यात पीएच घसरतो आणि वस्ती वाढायची थांबते. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठच घ्यावे, आणि दर हजारी ३५ क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने तपासावी.

किनारी राहणाऱ्यांचा प्रश्न पुढचा: मग समुद्राचेच पाणी का नको? स्वच्छ, खोल समुद्रातले पाणी मिळाले तर ते उत्तमच. पण मुंबईच्या चौपाटीवरच्या किंवा खाडीतल्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, आणि पावसाळ्यात कोकणातल्या नद्या समुद्राला मिळतात तेव्हा किनाऱ्याजवळची क्षारता खाली येते. बादली कुठून आणि कधी भरली यावर सगळे अवलंबून राहणे नवशिक्याला परवडणारे नाही. मिसळायचे गोडे पाणी आरओचे हवे, पण स्वयंपाकघरातल्या अनेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळतात. विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

मिठागराचा धडा घरच्या टाकीत रोज गिरवला जातो. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून पातळी उतरली की गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे. छोटी टाकी नवशिक्याला सोपी, हा समजही इथेच फोल ठरतो. २० लिटरच्या टाकीतून एक लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. १०० लिटरच्या टाकीत ती ३५.४ पलीकडे जात नाही. उन्हाळ्यात ही वाफ वाढते आणि दुसरी अडचणही येते. ऑक्सिजन गरम पाण्यात कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी: २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर, समुद्राच्या पाण्यात ७ च्या आत. नायट्रीकरणाला ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे वीज गेली की माशांबरोबर जिवाणूंचाही श्वास अडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नव्हे. पृष्ठभागावर पंखा सोडून विदर्भाच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरवता येतात, मुंबईच्या दमट हवेत त्याचा जोर चालत नाही आणि चिलरचा खर्च आधीच धरावा लागतो.

‘लाइव्ह रॉक’शिवाय खारी टाकी होतच नाही, ही समजूत इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांच्या १९६० च्या दशकातल्या पद्धतीपासून रुजली. सच्छिद्र, सजीव खडक टाकीत ठेवून त्यांनी पाणी निरोगी राखले आणि ते खरोखर परिणामकारक होते. पण असा खडक बहुधा प्रवाळाचाच असतो, आणि आपल्याकडे सर्व खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे, जिवंत असो की मेलेला, गुन्हा ठरतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि जिवाणूंना प्रवाळ लागतही नाही. त्यांना भोके आणि पोकळ्या असलेला पृष्ठभाग लागतो, तो सिरॅमिकचा असला तरी चालतो. वेळ थोडा जास्त जातो, इतकेच.

टाकी तयार झाली हे ओळखण्याची कसोटी साधी आहे: लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होईल इतका नवसागर घालावा. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर वस्ती बसली. त्यानंतर साठलेले नायट्रेट उतरवण्यासाठी पाण्याचा मोठा भाग बदलावा. याच सुमारास काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरतो, तेव्हा पुष्कळ जण सगळे बिघडले असे समजून टाकी धुऊन काढतात. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा थर असतो, सिलिका संपत आली की बहुधा आपोआप ओसरतो. पहिला मासा पैदास केंद्रातला क्लाउनफिश असावा; केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्याच देशात बसवले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचे कारण नाही. एकदम पाच मासे न आणता एक जोडी सोडावी, दोन-तीन आठवडे मापे पाहावीत आणि मग पुढचा मासा आणावा, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाएवढीच राहते आणि नव्या तोंडाबरोबर तिलाही वाढायला वेळ लागतो.